सरळ जुळलेलं हाड

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पोशिल्या गावच्या दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते. ज्याचे त्याचे मेलेले बाहेर काढलेले असतात. भिंतीतल्या कोनाड्यांतून लाकडी पेट्या खाली उतरतात, जुनी कापडं बाजूला पडतात आणि बायका उन्हात बसून आपापल्या माणसांच्या कवट्या पुसतात. पुसता पुसता तोंडं चालूच. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या डुकराचं, आणि मधूनच मांडीवरच्या सासूशी, "काय गं बाई, यंदा किती धूळ खाल्लीस!" मेलेल्याला वर्षातून एकदा आंघोळ आणि नवं कापड मिळालं नाही तर तो मळक्या कपड्यांत गावभर हिंडतो आणि घरच्यांची अब्रू घालवतो, असं पोशिल्यात मानतात. अब्रूला पोशिल्यात सगळेच जपतात.

मार्सेलिना तुस आईची हाडं पुसायला बसली होती. आई, एउलालिया, जाऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं सिमेंटच्या खोबणीत बंद राहिलेल्या माणसाला मग बाहेर काढायचं, ऊन दाखवायचं, आणि तिथून पुढे दर वर्षी पुसायचं, अशी गावाची रीत. म्हणजे आज एउलालियाची पहिली आंघोळ. पेटीत अंथरायचं कापड धाकट्या बहिणीने, नीदियाने, भरलं होतं. पांढऱ्यावर लाल जास्वंदी आणि मधोमध आईचं नाव. शेवटच्या अक्षरांचे टाके ओबडधोबड होते, कारण तोवर नीदियाचा डावा हात मोडला होता आणि तिने कापड गुडघ्यांत धरून ते नाव पुरं केलं होतं.

"अगं, जमिनीवर बसता येत नाही तुला?" बिबियाना आत्याने मार्सेलिनाकडे बघून तोंड वाकडं केलं. "आणि म्हणे जंगलात उकरत बसते!"

"तिथे गादी घेऊन बसते, आत्या."

"बसशील, बसशील. मेलेल्यांची डॉक्टर ना तू. जिवंतांची असतीस तर माझे गुडघे तरी बघितले असतेस."

आत्याच्या जिभेला हाड नव्हतं. गावातल्या सगळ्यांची हाडं मात्र तिला पाठ होती, कारण ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांच्या पेट्या तीच पुसायची. मार्सेलिना हसली. गावात तिला डॉक्टरीणबाई म्हणत, आणि तिने आयुष्यात कुणाला साधी गोळी लिहून दिली नव्हती. ती कांपेचे शहरात राहायची आणि दक्षिणेच्या जंगलातल्या साकमुल नावाच्या जुन्या माया गावात खोदकाम करायची. गाव मोडून हजार-बाराशे वर्षं झालेली. तिथल्या माणसांची हाडं जमिनीतून काढायची, त्यांचं वय, त्यांचं दुखणं, त्यांचं मरण ओळखायचं, हे तिचं काम, आणि त्यात तिचं नाव होतं.

हा नाद तिला लावला बाबांनी. कासिआनो तुस हे पोशिल्याचे हाडवैद्य. मोडलेलं, निखळलेलं, मुरगळलेलं घेऊन माणसं दूरदूरच्या गावांतून त्यांच्या अंगणात येत. मार्सेलिना लहान असताना ते कोंबडीचा पाय तिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "डोळे मीट. आता सांग, कुठे मोडलाय?" डोळे मिटून बोटांनी बघायला ती तिथे शिकली. पुढे तिचं पुस्तक निघालं तेव्हा पहिल्या पानावर तिने छापलं होतं, बाबांच्या हातांना.

ते हात आता उलट्या बादलीवर बसलेल्या बाबांच्या मांडीवर होते आणि त्यांत आईची कवटी होती. मऊ ब्रशने ते डोळ्यांच्या खाचा साफ करत होते. "थांब हं, लाला," ते आईला पुटपुटले, "कानात माती गेलीय तुझ्या." त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर धूळ सांडत होती. असा नवरा कुणाला मिळतो, असं मार्सेलिनाच्या मनात आलं. हेच तिने सकाळी नीदियालाही ऐकवलं होतं.

नीदिया पंधरवड्यापासून माहेरी होती. कपडे धुवायच्या दगडावर पडली, हात मोडला, बाबांनी बसवला, सालीच्या खपच्या लावून बांधला. एवढंच मार्सेलिनाला फोनवर कळलं होतं. नवऱ्याशी काहीतरी कुरबूर झालीय हेही कळलं होतं. कुणाची होत नाही? आज दुपारी विल्बेर्त तिला न्यायला येणार होता. नीदिया सकाळी चुलीपाशी म्हणाली होती, "मला वाटतं, अजून थोडे दिवस राहावं." त्यावर मार्सेलिनाने थोरल्या बहिणीचा सगळा अधिकार गोळा करून तिला समजावलं होतं. "घर असं सोडून चालत नाही, नीदिया. आई-बाबांकडे बघ. इतक्या वर्षांत भांडले नसतील का? पण एकमेकांचा हात सोडला का?" नीदियाने पिबच्या, म्हणजे जमिनीत भाजायच्या मक्याच्या वड्यांच्या, पिठात लाल रंगवलेली चरबी मिसळली आणि एका हाताने मळत राहिली.

आता नीदिया बरगड्या पुसत होती, आत्या पायांची हाडं. हातांची हाडं मार्सेलिनाच्या वाट्याला आली होती. खरं तर आत्याने ती आधीच उचलली होती. "ही मी बघते, तू कणा घे," ती म्हणाली होती. पण मार्सेलिनाने हसून तिच्या हातून काढून घेतली. कोपरापासून मनगटापर्यंत करंगळीच्या बाजूने एक लांब हाड जातं. डाव्या हाताचं ते हाड तिने ओल्या फडक्याने पुसायला घेतलं आणि तिचा अंगठा मध्येच थांबला.

गाठ होती. गुळगुळीत, जुनी, छान भरून आलेली गाठ.

तिने ते हाड खाली ठेवायला हवं होतं. शेजारची बाई पाण्याचा तांब्या मागत होती, तो द्यायला हवा होता. पण वर्षानुवर्षं केलेलं काम बोटांना थांबू देत नाही. अंगठा वर सरकला, आणि थोड्या अंतरावर दुसरी गाठ लागली, पहिलीहून जुनी. मार्सेलिनाने नीदियाच्या फडक्यावरच्या डाव्या बरगड्यांकडे पाहिलं. दोन बरगड्यांवर तसेच उंचवटे होते.

माणूस पडलं की हात टेकतं आणि मनगटापाशी मोडतं. हे एकटं हाड, असं मधोमध, पडून मोडत नाही. समोरच्याने काठी उगारली आणि आपण डोकं वाचवायला हात कपाळापुढे धरला तरच ते तिथे मोडतं. समोरचा उजव्या हाताने मारतो, म्हणून डावा हात मोडतो. हे तिने वर्गात किती वेळा शिकवलं होतं! स्वतःचा हात कपाळापुढे धरून ती मुलांना म्हणायची, "आता मला मारा. कुठे लागेल?" मुलं हसायची.

ती कारणं शोधायला लागली. वादळात छपराचा वासा पडला असेल. खेचराने लाथ मारली असेल. दुसऱ्या कुणी असल्या सबबी सांगितल्या असत्या तर तिने भर सभेत त्याची सालटी काढली असती. आता मात्र एखादी तरी सबब मिळावी म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

"बाबा," ती म्हणाली, "आईचा हात कधी मोडला होता?"

"दे इकडे."

बाबांनी कवटी जपून फडक्यावर ठेवली, हाड घेतलं, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा शांत झाला. चांगलं काम हाताला लागलं की तो नेहमीच तसा व्हायचा.

"हा खालचा इसिदोरोच्या वादळाच्या वर्षीचा. वरचा त्याच्या आधीचा, तू शिकायला कांपेचेला गेलीस तेव्हाचा." त्यांनी डोळे उघडले आणि हाड उन्हात धरलं. "बघ, किती सरळ बसलाय. कुठल्या इस्पितळात बसला असता असा? बोट फिरव. कळतं तरी का?"

"मोडला कसा?"

नीदियाचं फडकं थांबलं. आत्या एकाएकी पायाच्या हाडांत फार गुंतून गेली.

"कसा म्हणजे?" बाबा म्हणाले. "तेव्हा मी प्यायचो."

पावसाळ्यात छप्पर गळायचं असं सांगावं, तितक्या सहज ते बोलले. मार्सेलिनाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण बाबांनी जरा घाईने पुढे सांगितलं, "पण मग सबंध रात्र उशाशी बसून होतो. विचार तुझ्या आत्याला. पाला वाटून लावला, दर थोड्या वेळाने बदलला. महिनाभर तिला चमचा उचलू दिला नाही. स्वतः भरवलं. दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाही, पोरी. माझ्या हातून मोडला, माझ्याच हाताने बसवला."

त्यांचे डोळे ओले झाले होते. ते खोटे नव्हते, हीच तर मोठी अडचण होती. मार्सेलिनाने त्या ओल्या डोळ्यांत शरम शोधली. तिथे आईची आठवण होती, दुःखही होतं. शरम मात्र औषधालाही नव्हती.

तिने मान वळवली. "तुला माहीत होतं?"

"आपल्या घराच्या भिंती काठ्यांच्या आहेत, लीना," नीदिया म्हणाली. "तू गेलीस, मी तिथेच होते."

"मग मला का नाही सांगितलंस? आईने का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तू डिसेंबरात यायचीस. आई नवा भरतकामाचा हिपिल घालून, केस विंचरून दारात बसायची. बाबांसारखा माणूस शोधून सापडणार नाही, हे तूच गावाला सांगत सुटायचीस. मग आई म्हणायची, राहू दे, तिला तेवढं एक आहे."

आजीची पेटी शेजारीच होती. बाबांची आई. आत्याने सकाळीच ती पुसून, नव्या कापडात नीट रचून ठेवली होती. खाली लांब हाडं, त्यावर बारीक, सगळ्यांत वर कवटी, म्हणजे तिला उजेड दिसतो. मार्सेलिनाने कुणाला न विचारता कवटी उचलून बाजूला ठेवली आणि पेटीत हात घातला.

"अगं ए! आत्ताच लावलंय मी सगळं!"

आत्याने तिचं मनगट धरलं, पण मार्सेलिनाच्या हाताला हवं ते लागलं होतं. तळाशी, बरगड्यांच्या खाली, कापडात वेगळं गुंडाळून ठेवलेलं. डावं हाड. गाठ त्याच जागी. सरळ जुळलेली. आजोबाही हाडवैद्यच होते. बाबा त्यांच्याकडूनच शिकले होते.

"अशी खाली का गुंडाळून ठेवतेस, आत्या?"

"मग काय वर मांडून ठेवू? लोक येतात, जातात." आत्याने हाड तिच्या हातून ओढून घेतलं आणि पुन्हा कापडात गुंडाळलं. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "हात मोडतो म्हणून डोकं राहतं, बाई. ज्यांनी हात वर केला नाही त्यांच्या कवट्याही पुसते मी. त्या बघायच्यात तुला?"

मार्सेलिनाला त्या बघायच्या नव्हत्या. तिच्या डोळ्यांपुढे साकमुलच्या बायका आल्या होत्या. त्या जुन्या लोकांत मेलेल्याला घरातच, जमिनीखाली पुरायची पद्धत होती. मार्सेलिनाने घरामागून घर उघडलं होतं. चुन्याच्या जमिनीखाली बाया निजलेल्या, चेहऱ्यावर रंगीत वाडगा पालथा घातलेला, तोंडात हिरव्या दगडाचा मणी. आणि कितीतरी जणींचं हेच हाड मोडून जुळलेलं. सरळ, सुरेख जुळलेलं. तिने त्यावर लिहिलं होतं की साकमुलवर शत्रूने धाड घातली, पुरुष बाहेर होते, बायका हात वर करून लढल्या. एकही घर जळालेलं सापडलं नव्हतं. बाणाचं टोक सापडलं नव्हतं. पुरुषांच्या हाडांना जखमा नव्हत्या. तेव्हा तिने लिहिलं, पुरुष दूरच्या रणात पडले असावेत. सगळ्यांना ते पटलं. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही, कारण हाडं सरळ जुळली होती, आणि ज्या हातांनी हाडं जुळतात ते हात तिला लहानपणापासून ठाऊक होते.

संग्रहालयात त्या बायकांसाठी एक दालन उघडलं होतं. त्याच्या भिंतीवर तिचं वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. 'हे हाड सरळ जुळलं, कारण कुणाचा तरी या बाईवर जीव होता.' शाळेच्या सहली येत, मुली ते वाक्य वहीत उतरवून घेत. त्या वाक्याचा मार्सेलिनाला तिच्या पदवीहून जास्त अभिमान होता.

आणि वाक्य खरंच होतं. जीव होताच. त्याच माणसाचा होता. त्यानेच मोडलं, रात्रभर उशाशी बसून त्यानेच बांधलं, आणि ती मेल्यावर त्यानेच आपल्या झोपायच्या जागेखाली तिला पुरलं, तोंडात मणी घालून. धाड बाहेरून आलीच नव्हती.

ती उठली आणि नीदियाशेजारी जाऊन बसली. आडोशाला जायला तिथे जागा नव्हती. चहूकडे माणसं, मेणबत्त्या, झेंडूचे ढीग.

"तू दगडावर पडली नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"बाबांना माहीत आहे?"

"त्यांनी हात लावला नि त्यांना कळलं. त्यांना कळणार नाही तर कुणाला? म्हणाले, हाड चांगलं आहे, आईसारखं. लवकर जुळेल."

"माझ्याबरोबर चल. आज. आत्ता. माझं घर आहे, मी कमावते."

"आणि मुली?"

नीदियाच्या दोन्ही मुली सासूकडे होत्या. नीदिया बाहेर पडली तेव्हा विल्बेर्तने त्यांना दारातूनच आत ओढून घेतलं होतं. परत आलीस तर मुली, नाही आलीस तर नाही, एवढा साधा हिशेब.

"तक्रार करू. मुली मागून घेऊ."

"कुणाकडे तक्रार? गावचा पंच त्याचा सख्खा मामा आहे. शहरात कर म्हणशील. मग ते कागद, ते हेलपाटे, आणि तोवर मुली कुणाकडे? आज थोरली सहा वर्षांची आहे. ती हल्ली ताट वाजलं तरी हात डोक्यावर घेते. मी तिथे नसले तर..." नीदियाने वाक्य सोडून दिलं आणि बरगडी कापडावर ठेवली. "मी तिथे असले की तो मलाच मारतो."

"सकाळी मी तुला जे बोलले..."

"हो, ते."

"मला माहीत नव्हतं गं."

"मला होतं ना. तरी तू बोललीस तेव्हा बरं वाटलं. वाटलं, एवढी शिकलेली सांगते, तर कुणाच्या तरी घरी तसं असेल."

जन्मभर मार्सेलिनाने मेलेल्या बायकांच्या वतीने बोलून टाळ्या घेतल्या होत्या, आणि ही जिवंत बाई हातभर अंतरावर बसली होती.

मग तिने एकच गोष्ट केली. पुढे तिला ती पोरकट वाटली, पण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. आईची पेटी रचायची वेळ झाली तेव्हा तिने आत्याला बाजूला केलं. भरलेलं कापड अंथरलं, लांब हाडं रचली, बरगड्या रचल्या, बाबांनी दोन्ही हातांनी कवटी ठेवली. आणि कवटीच्या पुढ्यात, सगळ्यांत वर, तिने ते डावं हाड आडवं ठेवलं. दोन्ही गाठी उजेडाकडे.

"हे काय?" आत्या म्हणाली.

"राहू दे. लोकांना बघू दे."

लोक येत होतेच. आज एउलालिया पहिल्यांदा बाहेर आलेली, तेव्हा गावातल्या बाया फुलं घेऊन तिला भेटायला येत होत्या. पेटीपुढे वाकायच्या, छातीवर क्रूसाची खूण करायच्या, म्हणायच्या, "आलीस का, लाला. बरी दिसतेस." मार्सेलिना पेटीमागे उभी राहून एकेकीचा चेहरा बघत होती. प्रत्येकीची नजर त्या हाडावर पडत होती, क्षणभर थांबत होती आणि पुढे जात होती. एक तरी विचारील, तिला वाटत होतं. एक तरी.

फेर्मिनाबाई आली. ती आईची लहानपणची मैत्रीण, आता काठी टेकत चालणारी. ती वाकली, जवळून बघितलं, आणि तिने एक बोट लांब करून गाठीवर फिरवलं.

"कासिआनोचं काम," म्हातारी म्हणाली. "लगेच ओळखू येतं. काय हात होता बाई! माझा बघ, माझ्यावाल्याने शेजारगावच्या कुणाकडून बसवला, पाऊस आला की अजून ठणकतो." तिने बाही सारून स्वतःचा वाकडा हात पुढे केला. मागच्या दोघी-तिघी माना डोलवून पुढे झाल्या. एकीने गाठीला हात लावून तो कपाळाला लावला.

बाबांनी संकोचून मान खाली घातली. "देवाची कृपा," ते म्हणाले.

दुपारी दफनभूमीच्या दाराशी विल्बेर्तची तीनचाकी येऊन थांबली. उंच, हसरा, नुकतीच दाढी केलेला. दोन्ही हातांत बडीशेपेच्या पावाच्या पिशव्या. आधी त्याने सासूच्या पेटीपुढे गुडघे टेकले आणि डोळे मिटून प्रार्थना केली. मग सासऱ्याचा हात कपाळाला लावला, आत्याला मिठी मारली, आणि मार्सेलिनाकडे वळला.

"काय डॉक्टरीणबाई! आमच्याकडेही या कधी. की मेल्यावरच याल?"

आत्या खुदकन हसली. मार्सेलिना नीदियाच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"ती येणार नाही," ती म्हणाली.

विल्बेर्तचं हसू गेलं नाही, नुसतं पातळ झालं. "ताई, मी शपथ घेतलीय. पाद्रीबाबांसमोर. दारूला शिवणार नाही. बाबांना विचारा."

"घेतलीय त्याने," बाबा म्हणाले. "आणि आज काय तमाशा मांडलायस, मार्सेलिना? आईची आंघोळ आहे. हात जुळत आलाय तिचा. आता बाई आपल्या घरी जाऊ दे."

"तुम्ही जोडून देता, आणि हा पुन्हा..."

"मग पुन्हा जोडीन," बाबा म्हणाले. फार मायेने म्हणाले, आणि त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. "मी आहे तोवर माझ्या लेकीचा हात वाकडा राहायचा नाही."

शेजारच्या पेट्यांवरच्या बायकांनी बोलणं थांबवलं होतं, पण मान कुणी वर केली नाही. मार्सेलिनाने आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे भरलेल्या कापडांच्या पेट्या, आणि प्रत्येकीच्या तळाशी काय गुंडाळून ठेवलंय ते आता तिला झाकण न उघडताही दिसत होतं.

"बाजूला हो, लीना," नीदिया मागून म्हणाली. "मुली वाट बघतायत."

"नको जाऊस."

"उशीर झाला की मुलींना भोगावं लागतं. हो बाजूला."

मार्सेलिना बाजूला झाली. का झाली, हे तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. धरून ठेवायचं म्हटलं तर धरणार तरी कुठे? हात तर मोडलेला होता.

नीदिया दाराकडे निघाली, आणि वाटेत थांबून मागे आली. ती पेटीपुढे वाकली. चांगल्या हाताने तिने आईचं ते हाड उचललं, लहान मुलाला पांघरुणात सरकवावं तसं कापडाच्या घडीखाली सरकवलं आणि वरून जास्वंदीचा पदर ओढून घेतला.

"वर नको ठेवूस," ती म्हणाली. "आईने एवढी वर्षं झाकलं. तिला आवडणार नाही." मग ती मार्सेलिनाच्या कानाशी आली. "माझ्या वेळेला तूच ये पुसायला. आत्याला पाठवू नकोस. तुला वाचता येतं, तर माझी हाडं तरी नीट वाच."

विल्बेर्तने तिला कोपराला धरून तीनचाकीत बसवलं, दुखऱ्या हाताला धक्का लागू नये म्हणून त्याखाली पावाची एक पिशवी दिली. गाडी धूळ उडवत चर्चच्या बाजूने वळली.

"धर गं जरा," बाबा म्हणाले. ते पेटीच्या एका टोकाला वाकले होते. कोनाडा उंचावर होता, आणि एकट्याला ते झेपत नव्हतं. मार्सेलिनाने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पेटी उचलली आणि तिच्या जागी सरकवली. बाबांनी कवटीचा चेहरा उजेडाकडे आहे ना ते बघून घेतलं, आणि मग हात धुवायला पाणी मागितलं. तांब्या तिच्याच पायाशी होता. तिने तो उचलला आणि त्यांच्या हातांवर पाणी घातलं.